पाइपलाइनची गळती कशी शोधावी?



सेकंदाला १ लिटर पाणी गळाले तरी १० तासांत ३६,००० लिटर जाते. शिवाय रान चिबडते; जादा पाण्याने क्षारपड झालेली कृष्णाकाठची रानं आपण पाहतोच.

ओल दिसली की तिथेच खणतात, असे आम्हाला गावोगाव आढळते. पण पाणी चरातून उताराला वाहून भलतीकडेच वर येते. म्हणून लाइन भरून मोटर बंद करावी, मोटरजवळचा व टोकाचा वाल बंद करावा. वरच्या टोकाच्या उभ्या पाइपातले पाणी उतरले तर गळती आहे. पुन्हा लाइन भरून मधला वालही बंद करावा. पाणी उतरायचे थांबले तर गळती खालच्या भागात, नाहीतर वरच्या. गळती वर असेल तर मधला वाल बंदच ठेवावा, म्हणजे दुरुस्ती होईतो खालचा ऊस तरी भिजेल.