कूटबद्ध आभासी यंत्र

एका संगणकात आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा स्वतंत्र संगणक म्हणजे आभासी यंत्र. त्याच्या स्मृतीतील माहिती यजमान संगणकाच्या चालकासही वाचता येऊ नये अशा रीतीने सांकेतिक रूपात ठेवल्यास त्यास कूटबद्ध आभासी यंत्र म्हणतात. सावद्याच्या केळी-व्यापाऱ्याचा वा पतसंस्थेचा हिशेब आता गावातील कपाटातच असतो असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे येथे व ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबई येथे सेवाकेंद्रे उघडल्यापासून तो परक्याच्या यंत्रावर असणे सहज शक्य झाले आहे. साठविलेली व तारेतून जाणारी माहिती पूर्वीही कूटबद्ध करता येत असे. गणन चालू असता मात्र ती स्मृतीत उघडी राही.

एएमडी कंपनीच्या एपिक प्रक्रियकांत (२०१७) यावर उपाय योजला गेला. प्रक्रियकातील एक लहान सुरक्षा-प्रक्रियक प्रत्येक आभासी यंत्रासाठी निराळी किल्ली तयार करतो. ही किल्ली यंत्रे चालविणाऱ्या नियंत्रक आज्ञावलीच्या हाती कधीच येत नाही. लिनक्सच्या गाभ्यातील केव्हीएम या मुक्त नियंत्रकात ही सोय ४.१६ या आवृत्तीपासून व त्याच्या जोडीच्या क्यूईएमयूमध्ये २.१२ पासून (दोन्ही २०१८) आली.

ती कार्यान्वित करण्यासाठी प्रथम संगणकाच्या मूळ मांडणीत व मग केव्हीएमच्या एएमडी-विभागात अनुमती द्यावी लागते. पाहुण्या यंत्राचा आरंभ यूईएफआय पद्धतीच्या आज्ञावलीने होतो. सुरक्षा-प्रक्रियक तिचे मापन मालकास कळवितो. ते जुळले तरच मालकाने तबकडीची किल्ली आत पाठवावी. ही पडताळणी वगळली, तर कूटबद्धतेला फारसा अर्थ उरत नाही. बाह्य उपकरणांशी देवाणघेवाण स्मृतीच्या उघड्या भागातूनच होते. शिवाय पाहुण्याची स्मृतिपृष्ठे जागच्या जागी खिळवावी लागतात. त्यामुळे उपलब्ध स्मृतीहून अधिक वाटप करण्याची सेवाचालकांची लाडकी काटकसर येथे चालत नाही.

माहिती गुप्त राहिली, तरी तिची जागा बदलता येत होती. फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये पृष्ठांची अदलाबदल करून पाहुण्याच्याच जालसेवेकडून गुप्त मजकूर बाहेर काढून दाखविला. पृष्ठांच्या मालकीची नोंद प्रक्रियकानेच ठेवण्याची सुधारणा २०२१ च्या एपिकमध्ये आली. केव्हीएमच्या यजमान बाजूस मात्र ती लिनक्स ६.११ मध्ये, म्हणजे २०२४ साली पोहोचली. त्याच वर्षी, स्मृतिपट्टीला स्वतःचे आकारमान खोटे सांगावयास लावून या संरक्षणासही बगल देता येते, असे आढळले. एएमडीने त्यावर दुरुस्ती प्रसृत केली.