टिकटिक, खडखड, ठकठक, धपधप : जुन्या इंजिनाच्या ठोक्याचे निदान

मोटारीच्या इंजिनातून येणाऱ्या आवाजाला मराठीत एकच नाव नाही, आणि भाषेची ही श्रीमंती जुन्या गाडीच्या दुरुस्तीत प्रत्यक्ष उपयोगी पडते. टिकटिक, खडखड, ठकठक आणि धपधप हे शब्द रोजच्या बोलण्यात सरसकट एकमेकांच्या जागी येत असले, तरी इंजिनाच्या बाबतीत ते निरनिराळ्या ठिकाणांकडे बोट दाखवतात. आणि ज्याला ते वेगळे ऐकता येतात, त्याला पुष्कळदा इंजिन खोलावेच लागत नाही.

 उदाहरणासाठी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी, आता बंद झालेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार घेऊ. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकल्या गेलेल्या या गाडीचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि सरळ बांधणीचे आहे. त्यात संगणक नाही आणि ठोका ओळखणारा संवेदकही नाही. जे कळायचे ते कानालाच कळते, म्हणून निदान समजून घ्यायला हे इंजिन फार चांगले.

आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे अधिक महत्त्वाचे असते. तो गार इंजिनावर येतो की तापल्यावर, गाडी उभी असताना की चढावर, आणि त्याची लय इंजिनाच्या फेऱ्यांइतकी आहे की निम्मी, हे आधी पाहावे लागते. शेवटच्या प्रश्नामागे साधे गणित आहे. क्रँकशाफ्ट म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. म्हणून फेऱ्यांच्या निम्म्या लयीत येणारी हलकी टिकटिक बहुधा वरच्या भागातली, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या टॅपेटची असते. कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा झिजलेला दांडाही त्याच लयीत वाजतो, आणि त्यापायी निर्दोष टॅपेटना पुन्हा पुन्हा पाना लागतो, ही गोष्ट वेगळी. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक संशयित भागावर आणि मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवली, पंख्यापासून पुरेसे अंतर ठेवले, की हा घोळ लगेच मिटतो.

टॅपेटमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो. फट वाढली की टॅपेट वाजतात आणि फिलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी ती मोजून बरोबर करता येते. मात्र टॅपेट अगदीच गप्प झाले, तर ते आनंदाचे लक्षण समजू नये. पूर्वी पेट्रोलमधले शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवत असे. २००० साली भारतभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यावर मऊ बैठकी असलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह हळूहळू आत रुतू लागले, फट कमी होत गेली आणि आवाजही कमी झाला. पुढे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो आणि जळतो.

अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव असा वाशीमला जाणारा रस्ता वऱ्हाडाच्या पायनघाटातून बालाघाटात चढतो. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे असताना, चार माणसे आणि सामान घेऊन, वरच्या गिअरमध्ये हा चढ चढणारी जुनी गाडी बाटलीत खडे हलवल्यासारखी खडखडू लागली, तर तो आवाज झिजलेल्या भागाचा नसून जळण्याच्या प्रक्रियेचा असतो. त्यालाच काटेकोर अर्थाने नॉकिंग म्हणतात. प्लगच्या ठिणगीपासून ज्योत सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. पण उष्णता आणि दाब मर्यादेबाहेर गेले, की ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि त्या दाबलहरींनी धातू खणखणतो. इंधनाची हा अकाली पेट रोखण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना शिशाच्या संयुगाचा उपाय सापडला, तो याच त्रासावर. त्या उपायाची किंमत जगाच्या हवेने पुढे अनेक दशके मोजली. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा ऑक्टेन अंक जुन्या पेट्रोलपेक्षा चांगला आहे, परंतु इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेल्या कार्बोरेटरमधून मिश्रण पातळ जाते आणि जुन्या रबरी नळ्याही खराब होतात. खडखड ऐकू आली, की सर्वांत आधी डेलको, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर, तपासावा. त्यातल्या स्प्रिंगा सैल पडल्या, की ठिणगी वेळेआधी पडते आणि टायमिंग थोडे मागे घेताच आवाज थांबतो. रेडिएटरमधला गाळ आणि पिस्टनवरचा कार्बन पाहायचा तो त्यानंतर.

सकाळी गार इंजिनावर येणारी आणि दोन-चार किलोमीटरनंतर नाहीशी होणारी पोकळ टकटक पिस्टनची असते. तापल्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगून सिलिंडरमधली ढिली जागा भरून काढतो. या टकटकीसाठी ताबडतोब काही करावे लागत नाही.

भीती बाळगायची ती तापल्यावर वाढणाऱ्या ठकठकीची, कारण गरम ऑइल पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगला ते आधार देऊ शकत नाही. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड खालच्या टोकाला, म्हणजे बिग एंडला, दोन अर्धवर्तुळाकार बेअरिंगांत बसतो, आणि तिथली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असावी लागते. ती वाढली, की ॲक्सिलरेटर किंचित सोडताच ठकठक स्पष्ट ऐकू येते. अशा वेळी चालू इंजिनावर, विद्युतरोधक पकडीने, एकेका प्लगची वायर काढून ब्लॉकला टेकवतात. ज्या सिलिंडरचा स्फोट थांबल्याने आवाज दबतो, त्याच्याच रॉडमध्ये दोष असतो. एक प्लग बंद करून फारसा फरक पडला नाही, पण शेजारचे दोन बंद केल्यावर पडला, आणि आवाज खोल, धपधप असा असला, तर क्रँकला धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगवर संशय घ्यावा लागतो. जुनी गाडी विकताना हा ठोका जाड ऑइल ओतून काही दिवस लपवता येतो, म्हणून गाडी पाहायला जाणाऱ्याने ती चांगली तापल्यावरही ऐकावी.

निदान पक्के करायचे, तर इंजिनाच्या तळच्या चेंबरमधले ऑइल स्वच्छ भांड्यात काढून त्यात चुंबक फिरवतात. चुंबकाला न चिकटणारे चकचकीत कण उरले, तर ते बहुतेक बेअरिंगच्या मऊ धातूचे असतात. अशा वेळी केवळ नवी बेअरिंग आणून बसवणे स्वस्त वाटते, पण क्रँकची मान घासून लंबगोल झालेली असेल, तर ती मापून, ग्राइंडिंग करून, पाव मिलिमीटर कमी मापाची बेअरिंग घालावी लागतात. नाहीतर तीच ठकठक काही महिन्यांत परत येते, आणि या वेळी रॉडच ब्लॉक फोडून बाहेर येण्याचा धोका असतो.