मुंबई हाय : एका पेशाची पन्नास वर्षं

पेट्रोलियम अभियांत्रिकीकडे मुलं बहुधा पगार पाहून वळतात. पगार चांगला असतोच, पण तेलाचा भाव पडला की नोकऱ्याही जातात. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदेभाव शून्याखाली उतरला आणि त्या वर्षी जगभरचे अनेक रिग बंद पडले. मग तीस-पस्तीस वर्षं या पेशात रमणारी माणसं कशाच्या बळावर रमतात? याचं उत्तर आपल्याच समुद्रात, मुंबई हाय या तेलक्षेत्रात सापडतं.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव जवळपास चौपट झाले. भारताची परकीय चलनाची गंगाजळी तोकडी होती. अशा वेळी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं; तेच मुंबई हाय. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं आणि १९८९ च्या सुमारास ते दिवसाला चार लाख बॅरलच्या वर गेलं. समुद्रातलं तेल आणि वायू नळांनी उरणला येऊ लागले. या वायूवर थळचा खत कारखाना उभा राहिला. शेतातला युरिया आणि घरातला सिलिंडर यांच्यामागे समुद्रातल्या त्या माणसांचे कष्ट आहेत, हे समाधान कोणत्याही बढतीपेक्षा टिकाऊ असतं.

पण शोधाच्या दिवसाचा आनंद फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बाकीच्यांचं आयुष्य सापडलेलं क्षेत्र सांभाळण्यात जातं, आणि माझ्या मते या पेशाचं खरं मोल तिथेच आहे. भूगर्भातलं तेल तळ्यासारखं साचलेलं नसतं. मुंबई हायवर ते चुनखडकाच्या बारीक छिद्रांत आणि भेगांत अडकलेलं आहे. उपसा होतो तसा दाब घटतो. तो टिकवायला पाणी आत सोडावं लागतं, आणि कालांतराने तेलाबरोबर तेच पाणी वर येऊ लागतं. जगातल्या बहुतेक क्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहतं. म्हणून जुन्या विहिरीतून आडवी शाखा काढून आणखी एक टक्का मिळवणं म्हणजे एखादं नवं छोटं क्षेत्र शोधल्यासारखंच असतं. खडक डोळ्यांना दिसत नाही. लॉग (विहिरीतली मोजमापं), कोअर (खडकाचे नमुने) आणि दाबाच्या नोंदींवरून त्याचा अंदाज बांधायचा आणि तो खरा ठरण्याची वर्षानुवर्षं वाट पाहायची. ज्याला हा धीर गोड वाटतो, त्याच्यासाठी हा पेशा आहे.

त्याची किंमतही मोजावी लागते. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, या पाळीत गणपती-दिवाळी, मुलांच्या परीक्षा हुकतात. धोका तर कायमचा. १९८८ मध्ये उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या प्लॅटफॉर्मवर दुरुस्तीसाठी व्हॉल्व्ह काढलेला पंप सुरू केला गेला, कारण पाळी बदलताना ती माहिती पुढे पोचली नाही. त्यात १६७ माणसं गेली. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हायच्या उत्तर प्लॅटफॉर्मला जहाज धडकलं आणि आगीत २२ जणांचा बळी गेला. वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) नीट वाचून, शंका आली तर काम थांबवणारा अभियंता उत्पादनाच्या तक्त्यात दिसत नाही. तरी पाळी संपवून सगळे सुखरूप हेलिकॉप्टरमध्ये बसतात, ही त्याची सर्वांत मोठी कमाई.

हवामानबदलाच्या काळात हा पेशा निवडावा का, हा प्रश्न रास्तच आहे. तेलाचा वापर कमी व्हायलाच हवा. पण ज्या विद्येने तेल वर काढलं, तीच कार्बन डायऑक्साइड खाली गाडू शकते. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून हे चालू आहे. भूऔष्णिक विहिरी खणणं आणि जुन्या तेलविहिरी कायमच्या बुजवणं यांनाही हेच कौशल्य लागतं.

तेव्हा मुलांनो, पगाराचा आकडा पाहून या शाखेत येऊ नका. खडकाचं कुतूहल, सोबत्यांच्या जिवाची काळजी आणि उशिरा मिळणाऱ्या फळासाठी थांबण्याची तयारी असेल, तर मात्र खुशाल या. भाव पडले तरी या कामातलं समाधान कमी होत नाही.