मिरामारे: समुद्राकाठी दोघांनी बांधलेलं घर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना येणारे माझे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' गाळलेत, बाकी जवळपास जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे मिरामारे. इटलीच्या पार ईशान्येला, स्लोव्हेनियाच्या सीमेला खेटून त्रिएस्ते नावाचं बंदर आहे. तिथून सात-आठ किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या एका खडकावर हा पांढराशुभ्र वाडा उभा आहे. मी आणि माझा नवरा एप्रिलमध्ये म्युनिकहून तिथे गेलो होतो. 'कपल्ससाठी रोमँटिक जागा' अशा याद्यांमध्ये मिरामारे कायम असतं. सूर्यास्त, बाग, फोटो, सगळं आहेच. पण या घराची गोष्ट माहीत असेल तर ते फोटोपेक्षा बरंच जास्त देतं. ती गोष्ट आणि ते घर नीट कसं बघायचं, हे आज सांगते.

किल्ला म्हणायचं की वाडा?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत याला कॅसल म्हणतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर लगेच जंजिरा किंवा सिंधुदुर्ग येतो. तसं इथे काही नाही. बुरूज आहे, कंगोरे आहेत, समोरच्या गच्चीवर तोफाही आहेत, पण सगळं शोभेचं. सिंधुदुर्ग बांधला तो समुद्रावर सत्ता ठेवायला. मिरामारे बांधलं ते समुद्र बघत राहायला. त्यामुळे तटबंदी शोधू नका, खिडक्या बघा. जवळजवळ प्रत्येक खिडकीतून पाणी दिसतं.

काम सुरू झालं १८५६ मध्ये. वास्तुविशारद होता कार्ल युंकर. दगड पांढरा, जवळच्याच इस्त्रिया भागातला. घर बांधून घेणारा होता ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा, म्हणजे फ्रान्झ योझेफचा, धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन. त्या काळी त्रिएस्ते ऑस्ट्रियाचं मुख्य बंदर होतं आणि हा विशीतच आरमाराचा प्रमुख झाला होता. एकदा वादळात सापडल्यावर त्याने याच खडकाच्या आडोशाला आसरा घेतला आणि तिथेच घर बांधायचं ठरवलं, अशी दंतकथा सांगतात. १८५७ मध्ये त्याचं बेल्जियमच्या राजाच्या मुलीशी, शार्लोटशी लग्न झालं. ती सतरा वर्षांची, तो पंचवीसचा. काम लांबलं (बिल्डरचं पझेशन तेव्हाही वेळेवर मिळत नसावं!), म्हणून दोघं आधी बागेतल्या छोट्या बंगलीत राहिली. तिला कास्तेलेत्तो म्हणतात. १८६० च्या नाताळात ती मुख्य घराच्या तळमजल्यावर राहायला आली. वरचा मजला तेव्हा अपुराच होता.

ही बंगली लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तळमजला: खलाशाचं घर

आत गेल्यावर आधी तळमजला लागतो. इथे दोघांच्या राहत्या खोल्या आहेत. भिंतींवरचं कापड निळं, त्यावर नांगराची नक्षी. मॅक्सिमिलियनची खोली बघून माझा नवरा म्हणाला, "अगं, छत एवढं ठेंगणं का?" कारण ती खोली मुद्दाम जहाजातल्या खोलीसारखी केली आहे. नोव्हारा नावाच्या त्याच्या आवडत्या जहाजाच्या मागच्या भागाची ती नक्कल आहे. हे जहाज साधंसुधं नव्हतं. १८५७ ते १८५९ मध्ये त्याने शास्त्रज्ञांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि वाटेत आपल्या मद्रासलाही थांबलं होतं. नोव्हारा हे नावही लक्षात ठेवा.

ग्रंथालयात होमर, दान्ते, शेक्सपिअर आणि ग्योथे यांचे अर्धपुतळे आहेत. पण माझ्यातल्या इंजिनिअरला सगळ्यात आवडलं ते एका खोलीचं छत. त्यावर दिशा दाखवणारं चक्र आहे आणि ते छपरावरच्या वातकुक्कुटाला जोडलेलं आहे. बाहेर वारा कुठून येतोय ते आत बसल्या बसल्या कळतं! हा काही राजेशाही चाळा नाही. त्रिएस्तेत बोरा नावाचा कोरडा, थंड वारा ईशान्येकडून येतो आणि त्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर जातात. खलाशाला ही माहिती जेवणाच्या टेबलावरही हवीच असणार.

जिना चढल्यावर रंग बदलतो

वर गेलात की निळं संपतं आणि लाल सुरू होतं. भिंतींवर नांगराऐवजी मेक्सिकोच्या साम्राज्याचं चिन्ह. सिंहासनाचं दालन, मोठी झुंबरं, पूर्वजांची चित्रं. एकाच घरात हा बदल का? इथे थोडा इतिहास लागतो.

१८६१ मध्ये मेक्सिकोच्या बेनितो हुआरेझ सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते दोन वर्षांसाठी थांबवले. वसुलीसाठी फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेनने सैन्य पाठवलं. ब्रिटन आणि स्पेन १८६२ मध्ये माघारी फिरले. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन मात्र थांबला, कारण त्याला तिथे आपल्या ताटाखालचं साम्राज्य हवं होतं. हुआरेझच्या विरोधातल्या मेक्सिकन मंडळींनाही राजा हवाच होता. राजा होण्यासाठी घराणं पाहिजे आणि मोकळा माणूस पाहिजे. मॅक्सिमिलियन दोन्हींत बसत होता. ऑक्टोबर १८६३ मध्ये शिष्टमंडळ याच घरी आलं. त्याने अट घातली, तिथल्या लोकांचा कौल दाखवा. फ्रेंच सैन्याच्या छायेत घेतलेला कौल त्याला दाखवण्यात आला.

आता खरी गोष्ट. ९ एप्रिल १८६४ ला फ्रान्झ योझेफ स्वतः मिरामारेला आला आणि त्याने धाकट्या भावाची एका करारावर सही घेतली. मेक्सिकोला जायचं असेल तर ऑस्ट्रियाच्या गादीवरचे सगळे हक्क सोडायचे. दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, मॅक्सिमिलियनने मेक्सिकोचा मुकुट स्वीकारला आणि त्यानंतर तो मनाने इतका खचला की त्या रात्रीच्या मेजवानीला यजमान म्हणून एकटी शार्लोट बसली. निघायचा दिवस पुढे ढकलावा लागला. १४ एप्रिलला दोघं नोव्हारावर चढली. चेझारे देल्लाक्वा या चित्रकाराने या घराच्या इतिहासाची मोठी चित्रं काढली आहेत, ती वर बघायला मिळतात. चित्रात सगळं कसं भव्य आणि शांत दिसतं. आदल्या दिवशीची सही माहीत असेल तर चित्र वेगळं दिसतं.

पुढचं थोडक्यात सांगते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर तिथून दबाव वाढला आणि फ्रान्सने सैन्य काढून घ्यायचं ठरवलं. १८६६ मध्ये शार्लोट मदत मागायला एकटी युरोपात परत आली. पॅरिसला नेपोलियनकडे गेली, रोमला पोपकडे गेली. हाती काहीच आलं नाही आणि रोममध्ये तिचं मानसिक संतुलन ढळलं. तिला मिरामारेला आणलं आणि त्याच छोट्या बंगलीत, कास्तेलेत्तोत, देखरेखीखाली ठेवलं. जिथे नवा संसार थाटला होता, तिथेच. १९ जून १८६७ ला केरेतारो इथे हुआरेझच्या सरकारने मॅक्सिमिलियनला गोळ्या घालून मृत्युदंड दिला. तो ३४ वर्षांचा होता. ही बातमी शार्लोटला कित्येक महिने कुणी सांगितली नाही. जानेवारी १८६८ मध्ये त्याचं शव त्रिएस्तेला आलं, तेही नोव्हारावरूनच. शार्लोट बेल्जियममध्ये १९२७ पर्यंत जगली, ८६ वर्षांची होऊन गेली.

वरच्या मजल्याचं काम मॅक्सिमिलियन गेल्यावर पूर्ण झालं. म्हणजे ते सिंहासनाचं दालन ज्याच्यासाठी होतं, त्याने ते पूर्ण झालेलं कधी पाहिलंच नाही. खाली माणूस राहून गेलाय हे कळतं, वर फक्त पदवी राहते. हा फरक बघायला तरी दोन्ही मजले सलग बघा.

आणि एक. मेक्सिकोच्या बाजूने बघितलं तर ही काही 'बिचाऱ्या राजपुत्राची' कथा नाही. बाहेरून लादलेला सम्राट आणि त्याच्यापायी मेलेली हजारो माणसं, ही तिथली कथा. वाड्यात फिरताना हे विसरायला होतं, म्हणून सांगितलं.

बाग: खडकावर आणलेली माती

आता बाहेर या. बाग २२ हेक्टर, म्हणजे साधारण ५४ एकर. बघताना वाटतं इथे मुळात जंगलच असेल. नव्हतं. हा कार्स्टचा भाग, उघडाबोडका चुनखडक. झाडं लावायला श्टायरमार्क आणि कॅरिन्थिया या ऑस्ट्रियन प्रांतांतून माती आणली. खडकावर माती टाकून झाडं जगवायची आणि वर बोरा वारा, म्हणजे काम सोपं नव्हतं. १८५९ पासून बागेची जबाबदारी आंतोन येलिनेक याच्याकडे होती. नोव्हाराच्या त्या पृथ्वीप्रदक्षिणेत तोही होता.

वाऱ्याचा विचार केला की बागेची रचना आपोआप कळते. वाऱ्याच्या बाजूला मोठी झाडं, वळणाच्या पायवाटा, तळी, सगळं रानासारखं सैल सोडलेलं. आडोशाच्या नैर्ऋत्य बाजूला आखीव वाफे, फुलं, पुतळे. आधी मला वाटलं दोन वेगवेगळ्या आवडी आहेत. खरं तर झाडांची भिंत पुढे आणि नाजूक गोष्टी मागे, असा सरळ हिशेब आहे.

झाडंही जगभरातली. लेबनॉनचे सीडर, स्पेनचे फर, मेक्सिको आणि कॅलिफोर्नियाचे सायप्रस आणि आपल्या हिमालयातला देवदार. एड्रियाटिकच्या काठावर देवदार बघून कुणीतरी गावचं भेटल्यासारखं वाटलं. जहाजांच्या धक्क्यावर इजिप्तहून आणलेला एक छोटा स्फिंक्स समुद्राकडे तोंड करून बसलाय, तोही चुकवू नका.

बागेला लागूनच आजच्या जगातली एक मोठी संस्था आहे. अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र. विकसनशील देशांतल्या शास्त्रज्ञांना देश न सोडता जगाशी जोडलेलं राहता यावं, हा त्यामागचा विचार. आपल्याकडचे कितीतरी भौतिकशास्त्रज्ञ तिथे जाऊन आलेत. जायचं, शिकायचं, पण परतीचा रस्ता उघडा ठेवायचा. शेजारच्या वाड्यातल्या त्या सहीच्या बरोबर शंभर वर्षांनी.

शापाचं काय?

या घरात जो झोपतो तो परदेशात अकाली मरतो, अशी एक गोष्ट गाइड हमखास सांगतात. मॅक्सिमिलियन, मग १९१४ मध्ये सारायेव्होत मारला गेलेला फ्रान्झ फर्डिनांड, मग १९३० च्या दशकात इथे राहिलेला आणि १९४२ मध्ये नैरोबीत ब्रिटिशांच्या कैदेत वारलेला आओस्ताचा ड्यूक आमेदेओ. ऐकायला मजा येते. पण हा निवडून घेतलेला डेटा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५४ पर्यंत इथे दोस्त सैन्याचा मुक्काम होता. त्यातले किती जण घरी जाऊन सुखाने म्हातारे झाले, त्यांची नावं कोण सांगणार? खुद्द शार्लोटच ८६ वर्षं जगली.

दोघांनी जाताना

आमच्या घरी सध्या एक प्रश्न चालू आहे. नवऱ्याला सिंगापूरची नोकरी मिळतेय, माझं काम म्युनिकमध्ये, दोघांचे आईवडील पुण्यात. परदेशात राहणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत हा प्रश्न या ना त्या रूपात असतोच. बागेतल्या बाकावर आम्ही तासभर तेच बोलत होतो. जायचं की नाही, यावर आमचं एकमत अजून झालेलं नाही. पण तिथे प्रश्न जरा बदलला. जाताना आपण काय काय सोडतोय ते दोघांनी लिहून काढायचं आणि कुणाचा आवाज मेजवानीच्या दिवशी बंद पडतोय ते आधीच बघायचं, एवढं ठरलं. यादी आता फ्रिजवर लावली आहे. माझी बाजू मोठी आहे.

आता कामाच्या गोष्टी. व्हेनिसहून त्रिएस्तेला रेल्वेने साधारण दोन तास लागतात. शहरातून मिरामारेकडे बस जाते. पाय शाबूत असतील तर बार्कोलाच्या समुद्रकाठच्या रस्त्याने चालत जा. उन्हाळ्यात अख्खं गाव तिथे काँक्रीटवर चटई टाकून पहुडलेलं असतं. बाग फुकट आहे, वाड्याला तिकीट आहे. वेळा आणि दर बदलतात, जायच्या आधी अधिकृत साइट बघा. वाड्याला दोन तास, बागेला किमान दोन तास ठेवा. सकाळी आधी वाडा, मग बाग. उलट केलंत तर पाय दुखत असताना सिंहासन बघावं लागतं. थंडीत जाणार असाल तर बोराचा अंदाज बघा, छत्री नेऊ नका, तुटेल. आणि परत शहरात आल्यावर कॉफी प्या. त्रिएस्तेत एस्प्रेसोला 'नेरो' म्हणतात आणि काचेच्या छोट्या पेल्यातल्या दुधाच्या कॉफीला 'कापो इन बी'. तसं मागितलंत की काउंटरवरचा माणूस खूश होतो.

तुमच्यापैकी कुणी मिरामारे पाहिलं असेल, किंवा अशीच 'जायचं की राहायचं' यादी तुमच्याही फ्रिजवर असेल, तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा, वाचत राहा!