तीन किलो साखर, एक किलो प्लास्टिक

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये फळं घेतली, की विक्रेता पुष्कळदा फिक्या हिरव्या रंगाची पिशवी पुढे करतो. हाताला मऊ, थोडी दुधट, आणि नेहमीच्या पिशवीसारखी चुरचुरत नाही. वर ‘कंपोस्टेबल’ असं छापलेलं, खाली बारीक अक्षरांत आयएस/आयएसओ 17088 हा मानकाचा क्रमांक. कर्नाटकाने मार्च 2016 मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, महाराष्ट्राने 2018 मध्ये. या प्रमाणित पिशव्यांना मात्र केंद्राच्या नियमांत मोकळीक आहे. त्यामुळे त्यांचं बरं चाललंय.

ही पिशवी जिवाणूंनी तयार केलेली असते, असा समज बराच पसरला आहे. बहुधा ती तशी नसते. तिच्यात मुख्य भाग पीबीएटी नावाच्या बहुवारिकाचा असतो, आणि तो सहसा खनिज तेलापासूनच येतो. कुजतो, एवढंच. त्यात मक्याचा स्टार्च किंवा पीएलए हे दुसरं बहुवारिक मिसळतात. पीएलएमध्ये जिवाणूंचा हात आहे, पण अर्धाच. ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात. त्याच्या साखळ्या जोडायचं काम कारखान्यातलं रसायनशास्त्र करतं. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर 2024 मध्ये जेजुरीला सुरू केलेला प्रात्यक्षिक प्रकल्प याच पद्धतीचा आहे.

अख्खं प्लास्टिक जिवाणूंच्या पोटातच तयार होतं ते पीएचए या बहुवारिकांच्या कुळाच्या बाबतीत. मोरिस लमॉन्य या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1926 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यातला पीएचबी हा प्रकार ओळखला. जिवाणूला साखर भरपूर मिळाली, पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडला, तर त्याला वाढता येत नाही, दुभंगता येत नाही. मग हाताशी असलेला कार्बन तो साठवून ठेवतो, शेतकरी सुगीत कणगी भरतो तसा. तीन विकरं एकामागून एक कामाला लागतात आणि पेशीत पॉलिएस्टरचे दाणे साचू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली नाइल रेड हा रंग टाकून पाहिलं, तर हे दाणे लखलखतात. क्युप्रियाव्हिडस नेकेटर या जिवाणूचं कोरडं वजन घेतलं, तर त्यात 80 टक्क्यांहून अधिक प्लास्टिक भरू शकतं. मातीत आणि समुद्रात हे दाणे खाऊन पचवणारे दुसरे जिवाणू आधीपासूनच आहेत. म्हणून पीएचए कंपोस्ट केंद्रातल्या उबेशिवायही कुजतं.

मग शंभर वर्षं अडलं कुठे? एक तर नुसतं पीएचबी ठिसूळ. ते 175 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या थोडं वर गेलं, की विघटू लागतं. साच्यात ओतणाऱ्याला फार जपून वागावं लागतं. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने दुसरा एक घटक मिसळून ‘बायोपोल’ काढलं. त्याच्या शाम्पूच्या बाटल्या 1990 मध्ये जर्मनीत दुकानांत आल्या. पुढे हा धंदा 1996 मध्ये मोन्सॅन्टोकडे गेला आणि तिथेही टिकला नाही.

खरी अडचण हिशेबाची आहे. एक किलो पीएचबीला ढोबळमानाने तीन किलो साखर लागते. साखर चाळीस रुपये किलो धरली, तर कच्च्या मालाचेच 120 रुपये झाले. साधं पॉलिथिलीन शंभराच्या आगेमागे तयार मिळतं. वर टाकी निर्जंतुक करा, अखंड हवा सोडा, पेशी फोडा, दाणे वेगळे काढा. म्हणून संशोधक साखरेऐवजी मळी, चीजमधून निघणारं पाणी, वाया गेलेलं तेल असा माल शोधतात. काही जिवाणू तर मिथेन खाऊन पीएचबी करतात.

टाकीत जिवाणू वाढवून माल काढायचं हे तंत्र, म्हणजे किण्वन, बेंगळुरूला नवं नाही. 1978 मध्ये बायोकॉनची सुरुवात इथल्याच एका गॅरेजातून, विकरांपासून झाली. 2013 मध्ये स्थापन झालेली स्ट्रिंग बायो मिथेन खाणाऱ्या जिवाणूंपासून प्रथिनं बनवते. टाकी फसफसून वर आली तर काय करायचं, हे माहीत असलेली माणसं या शहरात आहेत, आणि पीएचएला हवीत ती अशीच. केंद्राच्या ऑगस्ट 2024 च्या बायोई-3 धोरणातही जैवबहुवारिकांना जागा आहे. पैसा येईल, माणसं आहेत. मला शंका आहे ती कचऱ्याच्या डब्याबद्दल.

17088 च्या कसोटीत साधारण 58 अंशांवर 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइड व्हावं लागतं. ही मोठ्या कंपोस्ट केंद्रातली ऊब आहे, गल्लीतल्या खड्ड्यात ती टिकत नाही. बेंगळुरूत ‘दोन डबे, एक पिशवी’ ही वर्गीकरणाची पद्धत आहे. ओला कचरा निवडणाऱ्या बाईसमोर हिरवी पिशवी आली, की ती प्लास्टिक म्हणून बाजूला काढणार. तिला बारीक अक्षरं वाचायला वेळ कुठे? मग पिशवी सुक्यात जाते, आणि भंगारवाल्यालाही ती नको असते, कारण पॉलिथिलीनमध्ये मिसळली तर त्याचा माल बिघडतो. पिशवी जिवाणूंनी केली म्हणून यात काही बदलत नाही.

मला वाटतं, पीएचएने पिशवीच्या वाटेला आधी जाऊच नये. शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी त्याच कुळातला धागा वापरात आहे. तिथे किलोचा भाव कोणी विचारत नाही. दुसरी जागा बेंगळुरूपासून तासा-दोन तासांवर, कोलारच्या टोमॅटोच्या वाफ्यांवर आहे. आपल्याकडे नारायणगावातही तेच: वाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर. हंगाम संपला, की माखलेला, फाटलेला कागद मजूर लावून ओढून काढायचा; तुकडे मातीत राहतात ते राहतातच. मळलेला कागद भंगारातही नीट जात नाही. पीएचएचा कागद मात्र पुढच्या नांगरटीत गाडता येईल. त्याचा भाव साध्या कागदाशी नाही, साधा कागद अधिक तो काढण्याची मजुरी यांच्या बेरजेशी लावायला हवा.