मारिओची उडी

जागच्या जागी एक उंच उडी मारा. पाय जमिनीवरून सुटले, की उडी किती उंच जाणार हे ठरून गेलेले असते. हवेत विचार बदलला तरी उपयोग नाही. सुरुवातीचा वेग v आणि गुरुत्वत्वरण g असेल, तर उडीची उंची v²/2g. बस्स!

आता जपानच्या निन्टेंडो कंपनीचा १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा व्हिडिओ गेम पाहा. यातला मारिओ ठोकळ्यांवरून आणि खड्ड्यांवरून उड्या मारत पुढे जातो. उडीचे बटण क्षणभर दाबले तर उडी छोटी, दाबून धरले तर मोठी. म्हणजे पाय सुटल्यावरही उडीची उंची खेळाडूच्या हातात राहते! हे कसे?

युक्ती अशी, की मारिओच्या जगात g ला दोन किमती आहेत. बटण दाबलेले असून मारिओ वर जात असेल तेव्हा g लहान असतो. बटण सोडले, किंवा मारिओ खाली येऊ लागला, की g मोठा होतो. उभ्याने मारलेल्या उडीत हा g साडेतीनपट होतो. बटण धरून ठेवले तर मारिओ सुमारे चार ठोकळे उंच जातो. लगेच सोडले तर? सूत्रात g साडेतीनपट करा: उत्तर येते एका ठोकळ्याहून थोडे जास्त.

या दोन किमतींमुळे मारिओ सावकाश वर जातो आणि झटकन खाली येतो. वर जाताना, सुमारे अर्धा सेकंद, खेळाडूला कुठे उतरायचे ते पाहता येते. खाली येताना ताटकळावे लागत नाही.

हे निसर्गनियमाला सोडून आहे, पण बेशिस्त नाही. बटण तसेच दाबले की उडी तशीच पडते. शिवाय खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका ती शिकवतातही. पहिल्याच टप्प्यात पायऱ्यांच्या दोन जोड्या लागतात. पहिल्या जोडीच्या मध्ये साधी जमीन आहे; चुकलात तरी पुन्हा चढा. दुसरीच्या मध्ये मात्र खड्डा!

म्हणूनच त्या खड्ड्यात पडल्यावर खेळाडू यंत्राला दोष देत नाही. "मी बटण लवकर सोडले," असे म्हणून तो पुन्हा प्रयत्न करतो. चांगल्या खेळाची ही खरी कसोटी. त्यातले नियम निसर्गाचे नसले तरी चालतील. पण ते शिकता आले पाहिजेत आणि ऐनवेळी बदलता कामा नयेत.