यंत्रालाही ऊन लागते

स्वस्तातली वस्तू घ्यायची आणि तिच्याकडून महागड्या वस्तूचे काम करून घ्यायचे, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांतली जुनी विद्या. जुन्या लुगड्याची गोधडी होते, शिळ्या पोळीचा कुस्करा होतो आणि थोरल्याची सायकल बैठक उतरवून धाकट्याच्या मापाची करता येते. याच विद्येची एक नवी शाखा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी उघडली आहे. तिचे नाव ओव्हरक्लॉकिंग. दुकानातून कमी किमतीचा प्रोसेसर आणायचा, त्याला कारखान्याने नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचे आणि वाचलेल्या पैशांचा आनंद मानायचा!

नाव ऐकून वडीलधाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. प्रकार तितका भयंकर नाही. पण मुले सांगतात तितका सोपाही नाही. विशेषतः ज्यांचे घर विदर्भात आहे, त्यांनी तर या विद्येतला एक धडा आधी शिकायला हवा. तो मला भंडाऱ्यात मिळाला.

ठोक्यांचे गणित

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. त्याच्या पोटात एक ठोका सतत पडत असतो आणि त्या ठोक्यावर सारी कामे चालतात, जशी लेझीम हलगीच्या तालावर. ३.६ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ३६० कोटी ठोके. हा आकडा कारखानदार ठरवून देतो. पण ठरवताना तो हात राखून ठरवतो.

हात राखण्याचे कारण धान पिकवणाऱ्या भंडारा जिल्ह्यात कुणालाही चटकन कळेल. एकाच बांधीतले धान राईस मिलमध्ये गेले, तरी सगळा तांदूळ सारखा निघत नाही. अख्खा दाणा वेगळा, कणी वेगळी, आणि ज्याचा त्याचा भाव वेगळा. सिलिकॉनच्या एका चकतीवरच्या चिपाही अशाच निवडल्या जातात. उत्तम निघाल्या त्यांवर मोठा आकडा आणि मोठी किंमत. बाकीच्यांवर लहान आकडा. मात्र बाजारात स्वस्त मालाला उठाव असला, तर चांगल्या चिपाही स्वस्ताच्या पोत्यात भरल्या जातात. ओव्हरक्लॉकिंग करणारा त्या पोत्यात हात घालून अख्खा दाणा शोधत असतो.

असा दाणा सापडल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९९८ सालचे. इंटेलने त्या वर्षी सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. वेग ३०० मेगाहर्ट्‌झ. त्याच्या मदरबोर्डावरचा मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला की बिचारा निमूटपणे ४५० मेगाहर्ट्‌झने पळू लागे; आणि ४५० हा त्या वेळच्या महागड्या पेन्शियम-२चा वेग होता. दीडपट काम, तेही फुकट! पुढे २००० सालानंतर एएमडीच्या ड्युरॉन प्रोसेसरवरच्या काही सूक्ष्म तुटक रेषा साध्या शिसपेन्सिलीने जोडून मुलांनी त्याचे कुलूप उघडले. पेन्सिलीतले ग्राफाइट वीज वाहून नेते, एवढ्या शाळकरी ज्ञानावर ही करामत साधली.

आज पेन्सिल लागत नाही. संगणक चालू होतानाच्या बायोस नावाच्या पडद्यावर आकडे बदलता येतात. इंटेलचे स्वस्त प्रोसेसर बहुतेक कुलूपबंद असतात. एएमडीचे रायझन बहुतांशी मोकळे असतात, फक्त त्यांना जोड देणारा मदरबोर्ड योग्य लागतो. मात्र अशा वाढीव वेगाने झालेले नुकसान कंपनीच्या हमीत बसत नाही, हे मुले सहसा सांगत नाहीत.

मे महिन्यातला हिशेब

माझी बहीण भंडाऱ्याला असते. नागपूरहून साठेक किलोमीटरचा रस्ता. तिचा मुलगा लग्नांच्या चित्रफिती जुळवून देण्याचे काम करतो आणि घरखर्चाला त्याचा हातभार आहे. त्याने २०१९ साली निघालेला रायझन ३ ३२००जी हा स्वस्त प्रोसेसर घेतला होता. कारखान्याचा मूळ वेग ३.६, याने डिसेंबरात त्याचे चारही गाभे ४.१ वर नेले आणि सारा हिवाळा यंत्र सुरळीत चालले. पण लग्नसराई उभी राहते ती एप्रिल-मे महिन्यांत. मी गेलो तेव्हा भंडाऱ्यात पारा ४४ वर होता, यंत्र गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत होते, आणि निम्मे काम होते न होते तोच ते बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. वधूपक्षाचे फोनवर फोन येत होते. आगाऊ घेतलेले पैसे खर्चून गेलेले. बहिणीचा चेहरा पाहवत नव्हता.

"मामा, डिसेंबरात हेच यंत्र, हाच वेग. मग आता काय बिघडलं?" त्याने विचारले.

बिघडले काहीच नव्हते. आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब येथे देतो, कारण साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे.

प्रोसेसर जितकी वीज खातो, तितकी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. ही वीज वेगाच्या प्रमाणात वाढते. पण विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर दाबही बहुधा वाढवावा लागतो, नाहीतर चिपेतल्या कोट्यवधी इवल्या स्विचांची उघडझाप वेळेत होत नाही. समजा, वेग दहा टक्के वाढवला आणि दाबही दहा टक्के. दाबाच्या वाढीचे १.१ गुणिले १.१, त्याला पुन्हा वेगाच्या वाढीचे १.१. उत्तर १.३३. काम दहा टक्के जास्त, उष्णता तेहतीस टक्के जास्त!

आता प्रोसेसर ६० वॅट खातो आणि त्याच्या डोक्यावरचा पंखा दर वॅटला अर्ध्या अंशाने तो गरम होऊ देतो, असे धरा. म्हणजे खोलीच्या तापमानावर ३० अंश. डिसेंबरात खोली २० अंश, तर प्रोसेसर ५०. वेग वाढवल्यावर ८० वॅट, म्हणजे ४० अंशांची चढ, प्रोसेसर ६०. अगदी आरामात! मे महिन्यात खोली ४४. चढ तीच ४०. झाले ८४. पेटीच्या आतली हवा खोलीहून सहा-सात अंश गरम असतेच. म्हणजे ९०च्या पुढे. जाळ्यांत धूळ बसली असेल तर आणखी वर. आणि या प्रोसेसरची कमाल मर्यादा आहे ९५. तिथे पोचला की तो जीव वाचवण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. आणि वाढीव वेगाला तापलेली चिप साथ देईनाशी झाली, तर यंत्र मध्येच बंद पडते.

म्हणजे ज्या थंड देशांतले तरुण या विद्येचे धडे लिहितात, त्यांच्या खोलीत आणि आपल्या खोलीत वीस-पंचवीस अंशांचे अंतर आहे. त्यांचे आकडे भंडाऱ्यात जसेच्या तसे उतरवणे म्हणजे लंडनचा लोकरी कोट तुमसरच्या बाजारात मे महिन्यात घालून फिरणे.

पितळ की तांबे?

भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. तेव्हा भाच्याच्या मनात आले की, एखाद्या कासाराकडून पितळेचा जाडजूड ठोकळाच करून घ्यावा. कल्पना गावाला साजेशी, पण शास्त्राला मान्य नाही. उष्णता वाहून नेण्यात शुद्ध तांबे सर्वांत पुढच्या रांगेत. ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. पितळ म्हणजे तांब्यात जस्त मिसळलेले. पण त्या मिसळण्याने त्याची उष्णता वाहण्याची शक्ती तांब्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शावर येते. आपल्या आज्यांनी पाणी तापवायला तांब्याचा बंब ठेवला, तो उगाच नव्हे.

चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्या नुसत्या नळ्या नव्हेत. आत हवा काढून घेऊन थोडेसे पाणी कोंडलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते थोड्या उष्णतेनेही उकळते, वाफ वरच्या पातळ पत्र्यांपर्यंत धावते, तिथे पंख्याच्या वाऱ्याने थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली येते. भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलून पाहा; हाच खेळ तिथे चाललेला दिसेल.

नळ्यांचा तळ आणि प्रोसेसर यांच्यामध्ये थर्मल पेस्ट नावाचे मलम लावतात. दोन्ही पृष्ठभागांवर डोळ्यांना न दिसणारे खळगे असतात, त्यांत हवा राहिली तर उष्णता अडते. मलमाने ते खळगे भरायचे, इतकेच. वाटाण्याएवढे पुरते. पोळीला तूप लावल्यासारखे थापायचे नाही. काही वर्षांनी हे मलम सुकते आणि मग उत्तम कूलरही निकामी ठरतो.

वाळ्याचा वारा

दुरुस्तीसाठी जो कारागीर आला होता, त्याने पेटी उघडली, आतली धूळ फुंकणीने उडवली आणि तो म्हणाला, "मशीनलेबी ऊन लागते जी! माणूस तरी सावलीत जाऊन बसते, हे कुठं जाईन?"

त्या एका वाक्यात आमचा सारा कागदी हिशेब होता. पंखा कितीही मोठा लावा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून आधी हवा थंड हवी. विदर्भात यावर घरोघर उपाय आहे: वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि खोली दहा-बारा अंशांनी सहज उतरते. खोली जितकी उतरेल तितकाच प्रोसेसरही उतरतो. मात्र कूलरचा झोत थेट पेटीवर सोडू नये. त्याबरोबर तुषार येतात, आणि विहिरीच्या जड पाण्यातले क्षार आतल्या तारांवर बसतात. पावसाळ्यात हवा ओली झाली की ही युक्ती फारशी चालत नाही. पण तेव्हा हवाच मुळी सोसवेल इतकी असते.

काही उत्साही मुले बर्फ लावून पाहतात. ते मुळीच करू नये. थंड पाण्याच्या लोट्याला बाहेरून जसा घाम फुटतो, तसाच तो बर्फाने गारठलेल्या चिपेलाही फुटतो, आणि विजेच्या यंत्रात पाण्याचा एक थेंब पुरे. २०११ साली एएमडीच्या एका प्रोसेसरला द्रवरूप हेलियमच्या थंडाईत ८.४२९ गिगाहर्ट्‌झपर्यंत पळवून विश्वविक्रम करण्यात आला. पण ते प्रदर्शन होते. तशा थंडाईत कुणाला रोजचे काम करता येत नाही.

उष्णतेपुढे मोठमोठ्यांनी हात टेकले आहेत. इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेन्शियम-४ची घोषणा केली होती. २००४ साली तो बेत सोडून द्यावा लागला. त्यानंतर एका वेगवान मेंदूऐवजी दोन-चार बेताचे मेंदू एकत्र बसवण्याचा मार्ग साऱ्या जगाने धरला. आपल्या पुण्याच्या आयसर संस्थेत 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. तेथे उष्णता काढून नेण्यासाठी द्रव थेट यंत्राच्या तापणाऱ्या भागांपर्यंत फिरवला जातो. महासंगणकाची ही कथा, तर आपल्या दिवाणखान्यातल्या पेटीची काय!

आधी सावली, मग वेग

भाच्याच्या यंत्राचे पुढे काय झाले, ते सांगतो. टिनाच्या खोलीतून पेटी खाली कवेलूच्या मधल्या घरात आली. कपाटाला चिकटलेली होती ती वीतभर पुढे ओढली. धूळ गेली, जुने मलम पुसून नवे लागले. आणि मग आम्ही उलटीच गोष्ट केली: वेग कारखान्याच्या आकड्यावर आणून दाब थोडथोडा खाली उतरवत गेलो. वर दिलेलाच हिशेब उलटा वाचा. वेग तोच ठेवून दाब दहा टक्के कमी साधला, तर उष्णता एकोणीस टक्के कमी होते. प्रत्येक चिपेची सोसण्याची शक्ती वेगळी, म्हणून हे एकेक पायरीने करायचे आणि दर पायरीला यंत्र तासभर राबवून पाहायचे. त्या रात्री चित्रफीत एकदाही न थांबता पुरी झाली. पहाटे बहिणीने दूधवाल्याबरोबर वधूपक्षालाही निरोप धाडला.

तेव्हा ज्या घरांत असा उद्योग चालला असेल, तेथील आईबापांनी मुलांना रागावू नये. यंत्र उघडून पाहणारा मुलगा काही वाईट शिकत नाही. फक्त क्रम बदलायला सांगावे. आधी धूळ, मग मलम, मग हवा, मग दाब, आणि या सर्वांतून काही उरले तर शेवटी वेग. वेगाची परीक्षाही डिसेंबरात घेऊ नये. मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता, बाहेर कावळाही उडत नसताना, जो वेग यंत्र दोन तास न अडखळता टिकवील, तोच त्याचा खरा वेग. त्याहून वरचा आकडा मित्रांना दाखवायला ठीक. त्यावर घरखर्च चालत नाही.

दिवाळीची साफसफाई आपल्याकडे माळ्यापासून मोरीपर्यंत होते. पुढल्या खेपेस त्या यादीत संगणकाची पेटीही घाला. विजेची तार काढून ठेवा, मऊ कुंचल्याने पंख्याची पाती झाडा आणि पेटीला भिंतीपासून थोडे पुढे ओढा. एक पैसा खर्च न होता यंत्र काही अंशांनी थंड होईल. आणि थंड झालेले यंत्र किती पळते, ते पाहून तुमच्या चिरंजीवांनाही नवल वाटेल.